टायरसाठी फ्रेममध्ये जागा किती, तेही पाहावे
व्यायामासाठी रोड बाईक (पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल) घ्यावी की हायब्रिड (सरळ हँडलची, थोड्या रुंद टायरची सायकल), या चर्चेत रोड बाईक वेगवान असल्याने तीच घ्यावी असे मत मांडले गेले आहे. ते गुळगुळीत रस्त्यापुरते मला मान्य आहे. परंतु टायरच्या रुंदीचा मुद्दा चर्चेत आलेला नाही. रिम ब्रेकच्या (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, दाबून थांबवणाऱ्या ब्रेकच्या) बहुतेक रोड बाईकमध्ये २५ किंवा २८ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर बसत नाही, उलट हायब्रिडवर ३२ मिलिमीटरचा गुळगुळीत टायर चढवून वेग वाढवता येतो.

मी बेळगावहून पिरनवाडीमार्गे जांबोटीकडे जातो. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडा तुटून खडी वर येते आणि समोरून ट्रक आला की सायकल त्याच खडीत उतरवावी लागते. तिथे २५च्या टायरमधली ट्यूब रिमवर चिमटून शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात, हे मी अनेकदा पॅच लावताना पाहिले आहे. हायब्रिडच्या सरळ हँडलवर तासाभराने तळहात बधिर होतात, ही मात्र तिची खरी उणीव. बार-एंड (हँडलच्या दोन्ही टोकांना बसवायच्या आखूड दांड्या) लावल्यावर माझा त्रास बराच कमी झाला.