बाबांचं लिव्हिंग विल आणि धाकट्या भावाचा प्रश्न: दिव्यांग मंडळी इच्छामरणाकडे कसं बघतात?

नौपाडा_रहिवासी

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका वकीलबाईंनी लिव्हिंग विलवर (आपण बोलू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद) माहिती दिली. बाबांनी (वय ७६) ते मनावर घेतलं, घरी येऊन वहीत मसुदा लिहिला आणि रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: 'माझी अंघोळ, शी-शू दुसऱ्याला करावी लागेल अशी वेळ आली तर मला जगवत ठेवू नये.'

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नाही. वय ३८. डोकं तल्लख, बोलणं सावकाश आणि सवयीच्या माणसालाच कळणारं. त्याला अंघोळ बाबाच घालतात, लहानपणापासून. तो तिथेच बसला होता. म्हणाला, "मग माझं काय?"

तेव्हापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. बाबांच्या मनात तसं काही नव्हतं हे भावालाही कळतं, पण वाक्य लागायचं तिथे लागलं. मी थोडं वाचल्यावर दिसलं की अनेक देशांतल्या दिव्यांग संघटना इच्छामरणाच्या कायद्यांना कडाडून विरोध करतात, आणि त्यांची कारणं देवाधर्माची नाहीत. इथे कुणी स्वतः दिव्यांग असेल तर मोकळेपणाने सांगाल का? आणि बाबांनी हा कागद करावा की नाही? करायचा तर कसा?

चाकांवर_नेरूळ

तुमच्या भावाला आधी माझा नमस्कार सांगा. मोठमोठ्या परिषदांत जे विचारलं जातं ते त्याने तीन शब्दांत विचारलं.

मी क्वाड्रिप्लेजिक आहे. सायन-पनवेल हायवेवर अपघात झाला, मान मोडली. छातीखाली संवेदना नाही. हात खांद्यातून हलतात, बोटं हलत नाहीत. बाबांनी जी 'वेळ' लिहिली आहे ती माझी रोजची सकाळ. सातला ब्युरोच्या मावशी येतात. आधी युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी करतात. मग मला कुशीवर वळवून माकडहाड, नितंब, टाचा बघतात, कुठे लाल दिसतंय का. लाल दिसलं तर दिवसभर त्या बाजूवर भार द्यायचा नाही, नाहीतर बेडसोर, म्हणजे दाबाने होणारी जखम, ठरलेला. पोट साफ व्हायला वेळ लागतो, त्यात घाई चालत नाही. मग अंघोळ, मग दादा आणि मावशी चादरीच्या झोळीतून मला खुर्चीत घेतात. दहाला मी लॅपटॉपपुढे असते. तळव्याला पट्टा, पट्ट्यात पेन्सिल, आणि त्या पेन्सिलीने लोकांचे जीएसटी रिटर्न भरते. यात माझी अप्रतिष्ठा कुठे झाली? ती होते मावशींनी न कळवता खाडा केला आणि मी दुपारपर्यंत ओल्यात पडून राहिले तर. त्याचा दोष माझ्या मोडलेल्या मणक्यावर टाकू नका. बदली माणूस पाठवायची सोय नाही, दोष तिथे आहे.

मला कधी मरावंसं वाटलं नाही असं नाही. तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, सिडकोची जुनी इमारत, लिफ्ट नाही. खाली उतरायचं तर चार माणसं गोळा करावी लागायची, म्हणून दवाखाना सोडला तर उतरणंच बंद झालं. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. त्या काळात कुणी कायदेशीर फॉर्म पुढे केला असता तर मी अंगठा उठवला असता. आणि तपासायला आलेल्या डॉक्टरने मला निर्णयक्षमही ठरवलं असतं, कारण मी रडत नव्हते, शांतपणे मुद्दे मांडत होते. पुढे दादाने ते घर विकून त्याच सेक्टरमध्ये तळमजला घेतला. जागा लहान, समोर पार्किंग. उंबरठा फोडून उतार केला. मणका होता तसाच आहे. मरायची इच्छा गेली.

आणखी एक सांगते, मग कायद्याकडे येते. न्यूमोनिया होऊन मी एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. तरुण डॉक्टर माझ्या पायाशी उभे राहून दादाला म्हणाले, "यांची क्वालिटी ऑफ लाइफ बघता व्हेंटिलेटरवर टाकायचं का, विचार करून सांगा." मी शुद्धीत होते, सगळं ऐकत होते. मला कुणी विचारलं नाही. दादाने मागचापुढचा विचार न करता "टाका" म्हटलं. न्यूमोनिया बरा होणारा आजार, झाला बरा. माझ्या वयाची चालती-फिरती बाई त्या कॉटवर असती तर हा प्रश्न कुणाच्या तोंडून आला असता का?

आमच्यातल्या अनेकांना भीती वाटते ती याची. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं त्याचं कलम ११५ गृहीत धरतं आणि तिची काळजी घेण्याची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. फार चांगलं कलम आहे. पण हेच शब्द माझ्यासारखीच्या तोंडून आले की समोरचा उसासा टाकतो आणि समजूतदारपणे मान हलवतो. उद्या कायद्याने ती मान हलवली तर?

कॅनडात तसं झालंय. २०१६ मध्ये कायदा आला तो ज्यांचा मृत्यू नजरेच्या टप्प्यात आहे त्यांच्यासाठी. २०२१ मध्ये ती अट काढली. मरणाच्या वाटेवर नसलेल्या, पण गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्या माणसालाही डॉक्टरच्या हातून मरण मागता येऊ लागलं. तपासणीला किमान ९० दिवस. माझ्यासारखीला नवीन व्हीलचेअर मिळायला याहून जास्त दिवस लागतात. क्रिस्टीन गोतिए ही त्यांची माजी सैनिक, पॅरालिंपिक खेळाडू. ती घरासाठी व्हीलचेअर लिफ्ट मागत होती, कित्येक वर्षं. तिने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या समितीसमोर सांगितलं की त्या पाठपुराव्यात तिला इच्छामरणाचा पर्याय सुचवला गेला. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने कॅनडाला ही २०२१ ची वाट बंद करा असं स्पष्ट सांगितलं.

कुणी म्हणेल वेदना असह्य असतात त्याचं काय. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये १९९७ पासून कायदा आहे, सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेल्यांसाठी. तिथे दरवर्षी कारणांची नोंद प्रसिद्ध होते. त्यात वेदना वरच्या जागी नसतात. वर असतं स्वायत्तता गेली, आवडीच्या गोष्टी करता येत नाहीत. घरच्यांवर भार होतोय ही भावनाही वेदनेच्या वरच येते. बाबांच्या वहीतलं वाक्य तेच आहे हो. आपल्याकडे दिव्यांगांना संजय गांधी निराधार योजनेत महिना दीड हजार मिळायचे, २०२५ मध्ये अडीच हजार केले. माझ्या बारा तासांच्या मावशींचे वीस हजारांच्या वर जातात. हा हिशेब पुढे असताना 'मी भार आहे' असं कुणाला वाटणार नाही? आधी हा हिशेब सोडवा, मग मरणाच्या हक्कावर बोलू, एवढंच आम्ही मागतोय.

आता बाबांचा कागद. त्यांनी तो जरूर करावा. मीसुद्धा केलाय. इंजेक्शन देऊन मरण देणं भारतात गुन्हाच आहे. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती मरण अटळ असताना यंत्रं काढून घ्यायला, नुसतं लांबवणारे उपचार थांबवायला. ही गोष्ट वेगळी आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे. माझ्या कागदातलं पहिलंच कलम असं आहे: 'मला मणक्याची इजा आहे. ती माझी नेहमीची प्रकृती समजावी, उपचार नाकारण्याचं कारण समजू नये. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, बेडसोर झाल्यास पूर्ण उपचार करावेत.' त्यानंतर शेवटच्या अवस्थेत काय नको ते लिहिलंय.

सिस्टर_कळवा

मी घरी जाऊन पॅलिएटिव्ह सेवा (गंभीर आजारात त्रास कमी करणारी काळजी) देणारी नर्स आहे. ताईंनी लिहिलंय ते रोज बघते, त्यात थोडी भर.

२०१८ च्या नियमांत मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना द्या. स्थानिक प्रशासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही ठेवायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार या नेमणुकांसाठी उच्च न्यायालयात गेले होते. आणि कागद आहे म्हणून कुणी लगेच नळ्या काढत नाही. आधी हॉस्पिटलचं मंडळ बसतं, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं.

पण खरं सांगू, आपल्याकडे मरणाचे निर्णय या वाटेने होतच नाहीत. बिल वाढतं, डिपॉझिट मागतात, आणि घरचे 'डामा'वर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) सही करून पेशंट घरी नेतात. त्यात पेशंटची इच्छा कुणी विचारलेली नसते. अपंग, म्हातारे, मतिमंद मुलं यांच्या बाबतीत ती सही लवकर होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अरुणा शानबाग आमच्यातल्याच, नर्स. १९७३ ला केईएममध्ये हल्ला झाला, २०१५ ला गेल्या. दयामरणाच्या अर्जावर २०११ मध्ये निकाल लागला तेव्हा त्यांना मरू द्यायला विरोध केला तो तिथल्या नर्सेसनी आणि स्टाफने. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झाला नव्हता. नेरूळच्या ताईंना कळेल याला किती हात लागले असतील.

कोपरी_पूर्व

मला मोटर न्यूरॉन आजार आहे, यात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. व्हॉइस टायपिंगवर लिहितोय, चुका समजून घ्या. ताईंचं बरंच पटलं, पण 'आम्ही' म्हणताना मला त्यात धरू नका. कॅनडाचा २०२१ चा बदल दिव्यांगांवर कुणी लादला नाही. तो खटला जाँ ट्रुशाँ आणि निकोल ग्लादू या दोघांनी लढून २०१९ मध्ये जिंकला. एकाला सेरेब्रल पाल्सी, दुसरीला पोलिओचे उशिरा आलेले परिणाम. त्यांनाही कुणी विचारायला नको का?

मला रॅम्प मिळाला, माणूस मिळाला, बायको जीव ओतून करते. तरी माझं गिळणं जाणार, मग श्वास जाणार. सोयींनी हे थांबत नाही. शेवट कधी हे मला ठरवू दे. तुमची भीती खरी आहे, पण तिची किंमत मी का मोजायची?

चाकांवर_नेरूळ

दादा, तुम्ही बोललात हे बरं केलंत. ट्रुशाँबद्दल मीही वाचलंय. चालणारा एकच हात होता, तो २०१२ मध्ये गेल्यावर त्याला स्वतःचं घर सोडून संस्थेत जावं लागलं. त्याच्या जागी मला काय वाटलं असतं हे मला तिसऱ्या मजल्यावरून माहीत आहे, म्हणून तो खटला मी निव्वळ विजय म्हणून वाचू शकत नाही.

तुमचं वेगळं आहे, मान्य. गळ्याला भोक पाडून नळी नको, व्हेंटिलेटर नको, हे तुम्ही आजच लिहून ठेवू शकता आणि ते कुणी मोडलं तर मी तुमच्या बाजूने भांडेन. श्वासाच्या घुसमटीवर मॉर्फिन मिळालंच पाहिजे. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा सुधारून त्याची वाट थोडी मोकळी झाली, तरी औषधाच्या दुकानात अजून सहज मिळत नाही. यासाठी आपण दोघं एकत्र अर्ज करू. इंजेक्शनच्या कायद्यावर मात्र माझं मत बदलत नाही. तो तुमच्या नावाने येईल आणि वापरला जाईल तिसऱ्या मजल्यावरच्या बाईवर.

कोपरी_पूर्व

अर्जाला मी तयार आहे. बाकी मतभेद राहू दे.

नौपाडा_रहिवासी

सगळ्यांचे आभार. काल हा धागा भावाला पूर्ण वाचून दाखवला, बाबा आतल्या खोलीत ऐकत होते. मग स्वतःच वही घेऊन बाहेर आले. आता वाक्य असं केलंय: 'बरे होण्याची शक्यता नसेल तेव्हा मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये.' ठीक आहे का? आणि भाऊ विचारतोय की तो साक्षीदार होऊ शकतो का. त्याला सही येत नाही, अंगठा देतो.

चाकांवर_नेरूळ

'बरे होण्याची शक्यता नसेल' एवढंच ठेवू नका. भाऊ बरा होणार नाही, मीही नाही, आणि आम्ही दोघं मरत नाही आहोत. 'आजार शेवटच्या टप्प्यात असेल आणि उपचारांनी फक्त मरण लांबत असेल' असं लिहा. अंघोळ आणि शी-शूचं वाक्य पूर्ण काढा. उलट लिहा की मला दुसऱ्याची मदत लागते या कारणावरून कुठलाही उपचार नाकारू नये. पक्षाघातानंतर पहिले काही महिने सगळंच दुसऱ्याच्या हातात असतं, तेव्हा हे कामाला येईल.

सिस्टर_कळवा

साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे घ्या, म्हणजे पुढे कुणी शंका काढणार नाही. सोसायटीतले दोघं चालतील. भावाला त्याहून मोठं काम द्या. बाबा बोलू शकले नाहीत तर त्यांच्या वतीने कुणी ठरवायचं त्यांची नावं कागदात घालायची असतात, एकाहून जास्त चालतात. तुमच्याबरोबर त्याचं नाव घाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार त्याची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच आहे. नोटरी कुरकुर करायला लागले तर कलम दाखवा. त्याचं बोलणं तुम्ही समजावून सांगताय अशी नोंदही करून घ्या. ऑफिस माडीवर असेल तर नोटरींना घरी बोलवा. येतात, आधी फोन करावा लागतो.