'नेपथ्ये' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न:
नाशिकमध्ये हौशी नाटकांचे सेट लावतोय, बावीस वर्षं झाली. राज्य नाट्य स्पर्धेत सकाळी फ्लॅट, म्हणजे सेटच्या कापडी भिंती, उभ्या करायच्या, प्रयोग संपला की मोडून टेंपोत भरायच्या. पत्रकावर माझ्या नावाआधी 'नेपथ्य' छापलेलं असतं. परवा मुलीने अकरावीच्या संस्कृतसाठी शाकुंतल उघडलं. राजा हरणावर बाण रोखतो आणि कंसात येतं, 'नेपथ्ये'. लगेच आवाज: आश्रमातलं हरीण आहे, मारू नका. तिने विचारलं, "बाबा, इथे सेट बोलतोय का?" मला सांगता आलं नाही. माझ्याच कामाचं नाव, आणि मला अर्थ माहीत नाही, हे फार लागलंय. कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १:
दादा, मी पंचवटीत राहते, शाळेत संस्कृत शिकवायचे. तिथे 'नेपथ्ये' म्हणजे पडद्यामागून. नट जिथे नटतात ती जागा नेपथ्य, आणि त्यांचा साजही नेपथ्यच. त्याच नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधार नटीला म्हणतो, 'आर्ये, यदि नेपथ्यविधानमवसितम्'. म्हणजे, नटणं-सजणं उरकलं असेल तर ये इकडे.

उत्तर २:
पडद्यामागचा अर्थ अजून जिवंत आहे की. एखादा पुढारी दिसेनासा झाला की पेपरवाले 'नेपथ्यात गेला' असंही लिहितात. सेटचं म्हणाल तर आपल्याकडे आधी महाल, रस्ता, जंगल असे रंगवलेले पडदेच असायचे. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आलं, त्यात खऱ्यासारखं दिसणारं घर रंगमंचावर उभं राहिलं.

प्रश्नकर्ता:
बाई, मग सुताराने, रंगाऱ्याने हा शब्द नटांकडून उचलला म्हणायचा? तसं असेल तर पत्रकावर लावताना मला संकोच वाटेल.

उत्तर १:
अजिबात नको! भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्याचे चार प्रकार सांगितलेत: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. अलंकार म्हणजे दागिने, माळा, वस्त्रं. अंगरचना म्हणजे रंगभूषा. संजीव म्हणजे रंगमंचावर येणारे प्राणी. आणि यादीत पहिलं आहे ते पुस्त, म्हणजे डोंगर, रथ, विमान, ढाली, ध्वज, सगळं हाताने केलेलं. त्यातही बांबूची चटई, कापड, कातडं जोडून जे बनवतात त्याला 'संधिम' म्हटलंय. तुम्ही लाकडी चौकटीवर कापड ताणून खिळे ठोकता ना? तेच हे. शब्द तुमचाही आहे, पहिल्यापासून.

प्रश्नकर्ता:
बाई, दोनदा वाचलं. मुलीलाही मोठ्याने वाचून दाखवलं. रविवारी कालिदास नाट्यगृहात सेट लावायला जायचंय, तिलाही नेतो. फ्लॅट बांधून झाले की तिला विंगेत उभी करतो आणि ती हरणाची ओळ तिथून म्हणायला लावतो. मी समोर प्रेक्षागृहात बसून ऐकणार.