पीचच्या बागेबद्दल कुणीच बोललं नाही
इथे कुणीतरी म्हटलंय की जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'ड्रीम्स' (१९९०) हा आठ स्वप्नांचा सिनेमा उपदेशाचा डोस वाटतो. फुजी पर्वताशेजारी अणुभट्ट्या फुटतात त्या भागापुरतं मान्य, तिथे पात्रं अक्षरशः भाषण देतात. पण आठही स्वप्नांना एकच शिक्का मारू नका हो. पहिलंच बघा ना, उन्हात पाऊस पडतोय, आई सांगते बाहेर जाऊ नकोस, अशा वेळी कोल्ह्यांची लग्नं लागतात. आपल्याकडेही ऊनपाऊस आला की कोल्ह्याचं लग्न म्हणतातच की, त्यामुळे मला तर एकदम घरचंच वाटलं. फक्त तिथे पोरगं लपून बघतं आणि कोल्हे चिडतात, दारात खंजीर ठेवून जातात, म्हणजे मर की माफी मागून ये, थेट हिशोब!

आणि दुसरं स्वप्न, पीचची बाग... घरच्यांनी झाडं तोडलेली, बाहुल्यांच्या सणाला त्या झाडांचे आत्मे बाहुल्यांच्या रूपात येऊन त्या लहान मुलाला जाब विचारतात. तो रडत म्हणतो पीच दुकानात मिळतील, बहरलेली बाग कुठून आणू? मग ते नाचतात, क्षणभर सगळा डोंगरउतार फुलतो आणि पुढच्या शॉटमध्ये नुसते बुंधे. तिथे कुठाय उपदेश?