मोटरच्या प्लेटवर ३.७ किलोवॅट आणि ५ एचपी, दोन्ही का?

माळावरचा:
विहिरीवरची मोटर बदलली. प्लेटवर ३.७ किलोवॅट आणि ५ एचपी, दोन्ही छापलंय. वडील म्हणतात पाचाची मोटर, मीटर दाखवतं युनिट. वॅट काय, एचपी काय, दोन्ही जेम्स वॅटचंच म्हणे. मग एका माणसाची दोन मापं कशाला?

वाइंडिंगवाला:
एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, घोड्याची ताकद. ते त्यानं स्वतः बांधलं. वॅट हे माप तो गेल्यावर आलं.

आधी एक सांगतो, वाफेचं इंजिन वॅटनं शोधलेलं नाही. न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून खाणींतलं पाणी उपसत होतं. पण कोळसा खायचं राक्षसासारखा, कारण दर फेरीला अख्खं सिलिंडर गार करावं लागे. वॅटनं वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं, १७६९ चं पेटंट. भागीदार बोल्टन पक्का व्यापारी. खाणवाल्यांशी सौदा असा: जुन्या इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आमचा.

गिरण्यांत मात्र इंजिनच नव्हतं, घोडे फिरायचे. तिथं वाचलेला कोळसा कुठून मोजणार? मग घोडेच मोजले. १२ फूट त्रिज्येचं रिंगण, तासाला १४४ फेऱ्या, ओढ १८० पौंड. गुणाकार करा, मिनिटाला साडेबत्तीस हजार फूट-पौंडांच्या (एक पौंड वजन एक फूट उचलायचं काम म्हणजे एक फूट-पौंड) थोडं वर येतं. त्यानं सरळ ३३,००० धरले. दिवसभर एवढं रेटणारा घोडा मला तरी दाखवा! पण विकणाऱ्यानं माप सढळ ठेवलेलं बरं, गिऱ्हाईक भांडायला येत नाही.

हा घोडा म्हणजे ७४६ वॅट. पाच घोडे ३७३०, तेच तुमचे ३.७.

वॅट १८१९ मध्ये वारला. त्याचं नाव मापाला द्यावं असं १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सनं सुचवलं. पुढं त्याच्या थोरल्या भावाचं, वर्नरचं नावही विद्युतवाहकतेच्या एककाला लागलं. नशीबवान घर.

माळावरचा:
म्हणजे ८ तास चालवली की साडेएकोणतीस युनिट?

वाइंडिंगवाला:
नाही. प्लेटवरचा आकडा शाफ्टवर मिळणारा. मोटर लाइनवरून जास्त ओढते. कार्यक्षमता ८५ टक्के धरा, पूर्ण लोडवर ३५ च्या आसपास जाईल.

गिअरबॉक्स:
गाड्यांच्या जाहिरातीतला पीएस हा घोडा वेगळा बरं का, ७३५.५ वॅटचा. ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणारा.

वाइंडिंगवाला:
शेतीत मात्र अजून वॅटचाच घोडा. मीटर नसलेल्या कृषिपंपाची आकारणी एचपीवर, आणि २०२४ च्या मोफत विजेची मर्यादासुद्धा साडेसात एचपी. तेव्हा वडिलांचं 'पाचाची मोटर' चुकीचं नाही.