‘आगरी म्हणजे फक्त ळ चा ल’: शंभर शब्दांच्या तक्त्याला उत्तर

खाडीकाठ: काल तक्तेवाल्यांनी या धाग्यात टाकलेला तक्ता पाहिला. शंभर शब्द, डावीकडे प्रमाण मराठी, उजवीकडे आगरी (ठाणे-रायगडकडच्या आगरी लोकांची बोली), खाली बदललेल्या ध्वनींची बेरीज आणि निकाल: आगरी म्हणजे मराठीच, जराशी घसरलेली. ‘घसरलेली’वरून भांडायला इथे बरेच जण आहेत. मला खुपते ती बेरीज.

तक्त्यातलेच शब्द घ्या. डोळा–डोला, पाणी–पानी, गाडी–गारी: चारात एक ध्वनी वेगळा, प्रत्येकी 25 टक्के. विदर्भाच्या रकान्यातला लिंबू–निंबू: पाचात एक, 20 टक्के. तुमच्या हिशेबात चौघे सख्खे भाऊ. पण ‘ळ’ गेला की काल–काळ, वेल–वेळ, गाल–गाळ, चाल–चाळ या सगळ्या जोड्या एका झटक्यात मिटतात. ‘ण’चंही तेच. ‘ड’ मात्र कुठेही गेलेला नाही. ‘डोला’च्या सुरुवातीला तो ठणठणीत आहे, दोन स्वरांमध्ये सापडला की ‘र’ होतो. निंबूवाल्याकडे तर ल आणि न दोन्ही शाबूत, निवड फक्त या शब्दात वेगळी. स्वनिमांचा (म्हणजे अर्थ बदलणाऱ्या ध्वनींचा) फरक, उच्चाराचा फरक आणि शब्दागणिक फरक हे कप्पे भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कोय यांनी 1931 सालीच वेगळे केले होते. तुम्ही ते परत एका पोत्यात भरलेत.

शिवाय एकच नियम तुम्ही दहादा मोजलाय. काळा, केळं, मूळ यादीत घातले की आगरी लांब जाते, काढले की जवळ येते. हे बोलीचं अंतर नाही, यादीचं आहे.

तक्तेवाला: दहादा मोजलं ते मान्य. पण तुमची ध्वनींची ‘व्यवस्था’ तरी कुठे पुरते? भाषाशास्त्रज्ञ वाइनराइख यांनी 1954 मध्ये दोन बोलींचा सामाईक आराखडा मांडायची युक्ती दिली. 1960 मध्ये मोल्टन यांनी स्वित्झर्लंडमधल्या जर्मन बोलींचे ऱ्हस्व स्वर घेतले आणि आराखडा तिथेच अडकला: स्वरांच्या खणांची मांडणी सारखी, पण कुठल्या शब्दात कुठला स्वर हे बघायला गेलं की जुळणी कोसळते. म्हणजे शेवटी शब्दच मोजायचे! मग माझ्या तक्त्यानं काय पाप केलं?

खाडीकाठ: शब्द जुळवणं वेगळं, बेरीज करणं वेगळं. मोल्टन यांनी टक्केवारी काढली नव्हती.

टिपणवही: दोघेही थांबा. ‘गारी’ लिहिलंत, पण तो ‘र’ आहे हे ठरवलं कुणी? पुणेरी कानाला जिभेचा हलका फटका बसलेला ‘ड’सुद्धा ‘र’ऐकू येतो. आणि देवनागरीत टिपलंत की संपलंच. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा, दोन वेगळे ज, लिहायला एकच. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 चा. त्यातले बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्याचे बरेचसे नमुने सरकारी यंत्रणेमार्फत लिहून आलेले, आणि आपण अजून त्यावर वाद घालतोय.

तक्तेवाला: विषय ‘अंतर’ होता. लिपीचं रडगाणं प्रत्येक धाग्यात हवंच का?

टिपणवही: हवंच, कारण तुमचा पहिला आकडाच तिथे चुकतो. घणसोलीत किंवा दिव्यात जाऊन “पाणीला काय म्हणता?” असं विचारलं की समोरचा ‘पाणी’ परत करतो, कारण शब्द तुम्हीच त्याच्या तोंडात दिलात. चित्र दाखवा, नाहीतर कोडं घाला. वाडा–वारा, खडा–खरा, घडी–घरी अशा जोड्या घ्या, मध्ये भलतेच शब्द मिसळा, क्रम बदलून प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या. पंखा बंद. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट नको, ती कॉम्प्रेस केलेली असते; थेट वेव फाइल. मग चाळीस तुकडे कापून त्याच गावच्या दुसऱ्या माणसाला ऐकवा आणि कुठला शब्द ते विचारा. वीसच्या आसपास बरोबर आले तर नुसता छापा-काटा, ड आणि र तिथे एक झालेत. अडतीस आले तर तुमची ‘गारी’ खोटी. बोलणारा “दोन्ही सारखंच” म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. भाषाशास्त्रज्ञ लबॉव्ह यांनी दाखवलंय की माणसं सारखं म्हणतात आणि उच्चार तरीही वेगळा निघतो. प्रात या ध्वनी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिसरा फॉर्मंट (आवाजातला तिसरा ठळक वारंवारता-पट्टा) बघा, मूर्धन्याजवळ, म्हणजे ‘ड’सारख्या जीभ वळवून केलेल्या ध्वनीजवळ, तो खाली येतो.

खाडीकाठ: हे ‘ळ’लाही लावा. वर एक खूण आणखी: शाळेत ‘ळ’ शिकलेला माणूस चुकून ‘ल’च्या जागी ‘ळ’ घालू लागला, तर समजा त्याच्या मूळ बोलीत भेद नाही, तो शब्द एकेक करून पाठ करतोय. तक्त्यात ही चूक ‘आगरी ळ’ म्हणून नोंदली जाईल.

तक्तेवाला: म्हणजे चाळीस तुकड्यांशिवाय ठाणे जिल्ह्यात कुणी तोंड उघडायचं नाही तर! चारशे गावं करून दाखवा या वेगानं.

टिपणवही: एडमाँ यांनी बोलींच्या नकाशासंग्रहासाठी फ्रान्समध्ये 1897 ते 1901 मध्ये सहाशेवर गावं एकट्यानं केली. सायकलवर. कानानं.

तक्तेवाला: आणि तुमचं ऐकायचं तर तोही कान चुकीचा! असो. ळ आणि ण प्रत्येकी एकदाच मोजतो. ‘ड’चा रकाना रिकामा ठेवतो, फायली येईपर्यंत. लिंबू हलवणार नाही.

खाडीकाठ: ठेवा. बेरजेत धरू नका म्हणजे झालं.