कांद्याची निवड, साठवण आणि रोजची तयारी: तुमचे अनुभव

महिन्याचा कांदा एकदम भरला की शेवटचा कांदाही पहिल्याइतकाच कडक निघावा, असं कुणाला वाटत नाही? पण टोपलीतून वास यायला लागतो, हात घातला की एखादा पिचपिचीत लागतो आणि त्याला टेकलेले दोन-चारही गेलेले असतात. तुम्ही कांदा कसा ठेवता, चिरून की परतून, फ्रिजमध्ये की बाहेर, ते सविस्तर लिहा. नुसती युक्ती नको, ती का चालते हेही सांगा.

सुरुवात मी करते. माझा सगळा भर निवडण्यावर. आधी कांद्याची मान बघायची. ती बारीक, वाळलेली आणि घट्ट मिटलेली असेल तर कांदा टिकणार. जाड, मऊ, आतून हिरवट मानेचा कांदा पुरता सुकलेलाच नसतो. मानेजवळ अंगठ्याने दाबून बघायचं, कारण सड बऱ्याचदा तिथूनच शिरते आणि खालचं साल मात्र चकचकीत दिसत असतं. घरी आल्यावर सगळे कांदे कागदावर पसरते. जोडकांदे, सालं निघालेले आणि मार लागलेले आधी संपवायचे, बाकीचे ठेवणीत. धुवायचे मात्र अजिबात नाहीत.

---

आमच्याकडे हे खातं बाबांचं. जाळीच्या पिशव्या भिंतीपासून जरा लांब टांगलेल्या, ऊन येणार नाही पण वारा खेळेल अशा जागी. प्लॅस्टिकच्या पिशवीला ते घरात थाराच देत नाहीत. कांदा काढल्यानंतरही जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातून ओल आणि ऊब बाहेर पडते. ती कोंडली की बुरशी आणि मुळं दोन्ही सुटतात. बटाटेही वेगळे ठेवायचे, कारण त्यांची ओल कांद्याला बाधते. आठवड्याला पिशवी रिकामी करून प्रत्येक कांदा हातात घ्यायचा. वासावरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो, हाताला आधी कळतं.

---

अख्खा कांदा फ्रिजमध्ये ठेवावा का, हे बरेच जण विचारतात. माझं मत: नको. कांद्याला कोंब सगळ्यात लवकर फुटतात ते साधारण १० ते २० अंश सेल्सिअसला. शून्याच्या आसपास ते थांबतात आणि २५ ते ३० अंशांच्या कोरड्या हवेतही बरेच मंदावतात. म्हणजे घरातली कोरडी, हवेशीर, अंधारी जागा पुरते. फ्रिजच्या गारव्याने कोंब रोखले जातात खरे, पण तिथल्या दमटपणाने कांदा मऊ पडतो आणि बाहेर काढल्यावर भराभर कोंबतो. फ्रिज सोललेल्या-चिरलेल्या कांद्यासाठी राखावा.

---

वरच्या सालाखाली काजळीसारखी काळी पूड दिसते ती बुरशी असते. कांदा कडक असेल तर तेवढे पापुद्रे काढून, धुऊन आम्ही वापरतो. आत पोचली असेल किंवा कांदा मऊ असेल तर सरळ फेकायचा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ती पूड झटकत बसू नये.

---

चिरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. डोळ्यांना झोंबणारा वायू अख्ख्या कांद्यात नसतोच. सुरीने पेशी फुटल्या की त्यातली वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि तो तयार होतो. म्हणून सुरीला धार हवी. बोथट सुरी कांदा चेचते. चिरण्याआधी अर्धा तास कांदा फ्रिजमध्ये ठेवला तर ही क्रिया मंदावते. मुळाची बाजू शेवटपर्यंत तोडत नाही, त्यामुळे पाकळ्याही सुटत नाहीत.

आणखी एक, ज्याने माझ्या भाजीचं रूपच बदललं: मुळाकडून शेंड्याकडे उभा चिरलेला कांदा शिजल्यावरही आकार धरून राहतो, आडव्या चकत्या लवकर विरघळतात. रस्सा दाट हवा असेल तर आडवा, कांदा दिसायला हवा असेल तर उभा.

---

नोकरी सांभाळून रोज कांदा परतणं जमत नाही, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी जाड बुडाच्या कढईत भरपूर कांदा एकदम परतून ठेवते. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, त्यामुळे काठोकाठ भरलेली कढई बघता बघता तळाशी जाते. सुरुवातीला चिमूटभर मीठ घातलं की पाणी लवकर सुटतं. आधी नुसती वाफ येते, मग कांदा काचेसारखा पारदर्शक होतो, कडा पिवळ्या पडतात. पाणी आटेपर्यंत रंग येतच नाही, म्हणून आच वाढवून घाई करू नका. कडा करपतात आणि आत कच्चाच राहतो. तळाला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घ्यायचा, सगळा गोडवा त्यातच असतो. गडद तपकिरी व्हायला पाऊण तास सहज लागतो. गार झाला की बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवते आणि लागतील तेवढे ठोकळे थेट कढईत टाकते.

वाटण ठेवायचं असेल तर कांदा परतून किंवा उकडून वाटा. कच्चा वाटून ठेवलेला कडवट होतो.

---

वरच्या ताईंची पद्धत उत्तम आहे, फक्त एक कळकळीचं सांगणं: परतलेला कांदा तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना तेच हवं असतं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया शहरात मार्गारिनमध्ये (लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थात) परतून कोमट ठेवलेल्या कांद्यामुळे अनेकांना ही विषबाधा झाली होती. गार झाला की लगेच फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवा.

---

मी कच्चाच बारीक चिरून गोठवते. ताटात पसरून तासभर फ्रीझरमध्ये, मग पिशवीत, म्हणजे गोळा होत नाही. शिजवायला छान, कच्चा खायला नाही, कारण गोठल्यावर करकरीतपणा जातो.

चिरलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो, असं फिरत असतं. त्यात तथ्य नाही. स्वच्छ सुरीने चिरून घट्ट झाकणाच्या काचेच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवला तर आठवड्याच्या आत खुशाल वापरा. बुळबुळीत लागला तर टाका.

---

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर टोपली त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. कच्चा असो की शिजवलेला, कांद्याने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा घातलेला उरलेला रस्साही त्यांना देऊ नका.

---

कोंब आलेले कांदे कृपा करून फेकू नका. कोंब विषारी नसतो. कांदा कडक असेल तर कोंबासकट चिरा. अर्धा मऊ झाला असेल तर खराब पाकळ्या काढून मधला गाभा मुळासकट कुंडीत लावा, शेंडा मातीबाहेर ठेवून. हिरवी पात वरून कापून घेतली की पुन्हा फुटते. माझ्या खिडकीत आत्ता अशीच एक कुंडी आहे. पात कितीदा कापून घेता येते, आणि फुलाचा दांडा आला तर तुम्ही तो खुडता का?