विषय: मोन्नाकाच्या जत्रेत श्रावण पाळणाऱ्यांनी काय खायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही एप्रिलपासून टोकियोत तोयोचोला राहतो, लिस्टवर पहिलीच मेल. सध्या सासू-सासरे रत्नागिरीहून आलेत. शनिवारी संध्याकाळी त्यांना मोन्नाकाला (मोन्झेन-नाकाचो) तोमिओका हाचिमान देवळाच्या जत्रेला न्यायचा विचार आहे. अडचण अशी की सासऱ्यांना एरवी माशाशिवाय घास उतरत नाही, पण श्रावण कडक पाळतात. सासूबाई मुळातच शाकाहारी, अंडंही चालत नाही. घरून थालीपीठं करून नेऊ का? लेकीने मात्र आधीच जाहीर केलंय की तिला "जत्रेतलंच" हवं.

– तोयोचोची नवीन मेंबर

———

अगं, जत्रेला डबा कसला नेतेस! फक्त कुठल्या गाड्यासमोर थांबायचं ते ठरवून जा.

आधी नको ते. ताकोयाकी बघून सासूबाई नक्की म्हणतील, "अय्या, आप्पे!" भांडं खरंच आप्पेपात्रासारखं असतं, काडीने फिरवायची पद्धतही तीच. आमच्याकडचे नवीन लोक तिथेच फसतात. त्यांना वाटतं, आतला ऑक्टोपसचा तुकडा नको म्हटलं की झालं. तसं नसतं, पिठातच दाशी, म्हणजे चवीचं सार असतं आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं. शिवाय अंडं. ओकोनोमियाकीचंही तेच, दिसतं कोबीचं धिरडं, पण वरून माशाचा कीस पडायच्या आधीच मासा पोटात गेलेला असतो. "कात्सुओबुशी नाशी दे" (माशाचा कीस नको) हे वाक्य मी पहिली दोन वर्षं मोठ्या आत्मविश्वासाने म्हणत होते. त्याने फक्त वरचा कीस जातो. याकीसोबात, म्हणजे परतलेल्या नूडल्समध्ये, डुकराचं मांस. बेबी कास्तेल्ला म्हणजे छोटे गोड केक, त्यात अंडं.

आता हवं ते. भाजलेलं कणीस. आपण लिंबू-तिखट चोळतो, हे सोया सॉसचा हात फिरवून पुन्हा निखाऱ्यावर धरतात. सॉस जळायला लागला की जो वास सुटतो ना, त्यासाठी मी मोन्नाकाला जाते, देवाने माफ करावं. दुसरं जागाबाता, म्हणजे अख्खा वाफवलेला बटाटा, वर चिरा देऊन लोणी. लोणी पुष्कळदा आपणच घ्यायचं असतं, तिथे मराठी माणसासारखं वागायला हरकत नाही. मात्र शेजारच्या भांड्यातलं गुलाबी मेयोनीज घेऊ नकोस, त्यात माशाची अंडी असतात.

गोडात साखरेच्या पाकातलं सफरचंद आणि केळं-चॉकलेट. बर्फाचा गोळा हवा तर निळ्या लाटांवर लाल अक्षर असलेला झेंडा शोध. रंग कुठलाही घे, चव जवळपास एकच. पण माझं ऐकशील तर आंझु-आमे चुकवू नकोस. जर्दाळू किंवा आंबट आलुबुखार चिकट पाकात गुंडाळून बर्फाच्या लादीवर मांडून ठेवतात. खाली ओघळू नये म्हणून तांदळाच्या पापडासारखी वाटी देतात, तीही खायची. आणि रामुने घे. सासऱ्यांना सांगायची गरज पडणार नाही, गोटी सोडा आहे तो, गोटीसकट.

सुटी नाणी ने.

– निशिकासाईची काकू

———

काकूंनी पोटाचं बघितलं, मी पायांचं सांगतो.

शनिवारी जाताय ते बरं. यंदा तीन वर्षांतून एकदा येणारं मोठं वर्ष आहे, रविवारी पन्नासहून जास्त पालख्या निघतील आणि रस्त्यावरचे लोक भोयांवर बादल्यांनी, पाइपांनी पाणी मारतील. "वाश्शोई! वाश्शोई!" ऐकू आलं की मोबाइल पिशवीत घालायचा. लहान मूल असेल तर गर्दी हलकी समजू नका. १८०७ साली याच जत्रेला लोटलेल्या गर्दीने एइताई पूल खचला होता, शेकडो माणसं गेली.

सासूबाई कंटाळल्या तर शेजारी फुडोच्या देवळात न्या. फुडो हा बौद्ध देव, म्हणजे आपला संस्कृतातला अचल. तिथे गोमा चालतो, म्हणजे होमच, शब्दसुद्धा तोच. ढोलाच्या दणक्यात आगीत समिधा पडतात. माझ्या आईने तिथे बसून रामरक्षा म्हटली होती. कोणी काही बोललं नाही.

काड्या-कागद ज्या गाड्यावर घेतले त्यालाच परत द्या, कचऱ्याचा डबा शोधत फिरू नका.

– उरायासुचा दादा (मासे खाणारा, श्रावण न पाळणारा)

———

काकू, दादा, जाऊन आलो. खूप आभार.

तोझाई लाइनवरून बाहेर पडलो आणि पहिलाच गाडा माकुलांचा (स्क्विडचा) निघाला. अख्खं माकूल काडीला टोचलेलं, सॉस गळून निखाऱ्यावर चर्र होतंय. बाबा थांबले. काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, "ह्येका काय म्हणतत हय?" मी म्हटलं, इकायाकी. त्यांनी दोनदा म्हणून पाठ केलं आणि पुढे निघाले. नंतर देवळाला फेरी मारताना आम्ही तीन वेळा त्याच गाड्यावरून गेलो. मला रस्ता चुकल्यासारखं वाटत होतं, पण पुढे बाबाच होते.

कणसाला आईंनी पास केलं. बटाट्यावर त्या म्हणाल्या, "हा तर उपासालाही चालेल, जिरं हवं होतं." पिशवीतून जिऱ्याची पुडी निघाली. खोटं सांगत नाही, त्या भारतातून घेऊन आल्यात.

आंझु-आमेच्या गाड्यावर मात्र मजा झाली. तिथल्या बाईंशी जानकेन खेळायचं, जिंकलं तर एकाच्या किमतीत दोन. लेक हरली, मी हरले. बाबांना दगड-कागद-कात्री एका मिनिटात शिकवलं. त्यांनी दगड टाकला, बाईंनी कात्री. सत्तर वर्षांचा माणूस दोन्ही हातात आलुबुखार घेऊन जो हसला, तो फोटो घरच्या ग्रुपवर गेलाय. पाक त्यांच्या कवळीला चिकटला, ते वेगळं प्रकरण. रामुनेची गोटी काढायला लेकीने घरी आल्यावर बाटली फोडायचा घाट घातला होता, वेळेत पाहिलं.

एक विचारायचं होतं. बाबा रोज विचारतात, श्रावण संपल्यावर अशी जत्रा कुठे असते?

– तोयोचो

———

त्याच जागी. फुडोच्या देवळापाशी दर महिन्याच्या १, १५ आणि २८ तारखेला गाडे लागतात. माकूल त्या दिवशी असेलच असं नाही, पण काकांना घेऊन या, मी सोबत येतो. मध्ये गणपती आहेत, तेव्हा २८ सप्टेंबर धरू. काका पितृपक्ष पाळतात का?

– उरायासुचा दादा

———

पाळतात.

– तोयोचो